तांबं, ऊन आणि आमचे मामेसासरे

सूर्याला उगवायला उशीर झाला म्हणून त्याच्यावर चिडणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच असणार, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. नात्याने माझे मामेसासरे, पेशाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि स्वभावाने काय म्हणावं हे इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही मला नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या सासूबाई, म्हणजे मामांची थोरली बहीण, म्हणायच्या की देवाने याला पायाला भिंगरी बांधूनच खाली सोडलं. मला ते अपुरं वाटतं. भिंगरी नुसती पायाला असती तर हात तरी जागच्या जागी राहिले असते. मामा वर्तमानपत्र चालत वाचायचे. पहिलं पान दिवाणखान्यात, अग्रलेख अंगणात आणि बाजारभाव कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी. जेवताना वरणभात टेबलाशी, भाजीपोळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आणि ताक गच्चीच्या जिन्यावर. नाशकात द्वारकेच्या चौकात वाहनं तुंबली की बाकीचे लोक हॉर्न वाजवत बसतात. मामा स्कूटर स्टँडवर लावून पुढे काय झालंय ते बघायला चालत जायचे आणि पोलिसाला दोन सूचना करायचे. तोवर वाट मोकळी झालेली असायची, आणि मागचे ट्रकवाले मालकाविना उभ्या असलेल्या त्या स्कूटरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायचे.

माझं द्वारकेजवळ विजेच्या सामानाचं दुकान आहे. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा डॉक्टर नाही, इंजिनियर नाही, बल्ब विकतो, म्हणून मुलीकडच्या बऱ्याच मंडळींनी नाकं मुरडली होती. माझ्या बाजूने उभे राहिले ते एकटे मामा. "मुलगा उजेडाच्या धंद्यात आहे, अजून काय पाहिजे?" असं ते भर बैठकीत म्हणाले, आणि मी मनातल्या मनात त्यांना दंडवत घातला. खरं कारण लग्नानंतर आठवड्याभरात कळलं. मामा दुकानात आले, खिशातून पेनाएवढी एक पितळी नळी काढली, आणि एक डोळा मिटून त्या नळीतून माझ्या एकेका दिव्याकडे बघायला लागले. नळीत कसलीशी काच होती आणि तिच्यातून दिव्याच्या उजेडातले रंग सुटेसुटे दिसत. "जावईबापू, ही ट्यूब लबाड आहे," त्यांनी निकाल दिला. "दिसायला पांढरी, पण मला पाहिजे तिथला निळा हिच्यात नाहीच!" तीच ट्यूब घ्यायला आलेलं गिऱ्हाईक समोर उभं होतं. ते ट्यूब काउंटरवर ठेवून पलीकडच्या दुकानात गेलं. त्यानंतर मामा दर आठवड्याला यायचे, आणि ते नळी काढताहेत असं दिसलं की मी आधी गिऱ्हाइकांना चहाला बसवायचो.

हा सगळा खटाटोप तांब्यासाठी होता. मामा मूळचे दिंडोरीकडचे, घरची द्राक्षबाग. बागेवर रोग पडू नये म्हणून मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण फवारतात, आणि ते नीट जमलंय का हे बघायला त्यात विळा बुडवतात. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय असं समजायचं. लहानपणी मामांनी निळ्याशार पाण्यातून तांबडा होऊन निघालेला विळा पाहिला आणि पोरगं तिथेच खुळावलं. रंग निळा, पोटात तांबं, आणि बाहेर येतं ते तिसरंच! तेव्हापासून सोनं, चांदी, लोखंड या गोष्टी त्यांच्या लेखी किरकोळ झाल्या. त्यांचे थोरले भाऊ अजून बाग बघतात. ते एकदा मला म्हणाले, "आमचा मास्तर लय शिकला, पन बूड टेकायचं तेवढं शिकला नाय." तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्याने काय काय होतं, हे विचारायला कॉलनीतले लोक मोठ्या आशेने मामांकडे यायचे. मामा म्हणायचे, "तहान भागते," आणि दार लावून घ्यायचे.

मामांचं तांबं निराळं होतं. मोरचुदातलं तांबं निळं, मामांना हवं होतं ते नारिंगी-तांबडं, सरबतासारखं दिसणारं आणि नव्या सुनेसारखं जपावं लागणारं. तांब्याच्या एका अणूला दोन बाजूंनी दोन मोठे सेंद्रिय रेणू कवटाळून बसलेले, अशी त्याची घडण. मी बारावीला रसायनशास्त्रात काठावर पास झालेला माणूस, त्यामुळे मला त्यांनी ते दुकानातल्या स्टुलावर दोन होल्डर मांडून समजावलं. दोन रेणू आहेत. प्रत्येकाला एक नको असलेला तुकडा चिकटलाय. तो सुटला तर दोघं एकमेकांना जोडले जातील आणि नवीन पदार्थ तयार होईल. पण तो सुटत नाही. मग हे तांबडं संयुग साधा उजेड पितं, त्या उजेडाने त्याला हुशारी येते, आणि ते समोरच्याला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. तुकडा सुटतो, जोडी जमते. तांब्याची झालेली तूट एक तिसरा रेणू भरून देतो, आणि तांबं पुढच्या जोडीला मोकळं. "भट्टी नको, ॲसिडं उकळणं नको, अतिनील दिवे नकोत," मामा होल्डर एकमेकांवर आपटत म्हणाले. "जे कोणी हे करतात ते रुथेनियम नावाच्या महागड्या धातूने करतात. रुथेनियम मागितलं तर आमचे प्राचार्य खुर्चीवरून पडतील. तांबं आपलं आहे, ऊन आपलं आहे!" होल्डर फुटला. तो मी त्यांच्या नावावर लिहिला नाही.

एक अडचण होती, आणि ती सांगताना मामांचा आवाज एकदम खाली यायचा. उजेड प्यायला की हे संयुग अंग पसरायला बघतं, सपाट होतं, आणि सपाट झालं की त्याची सगळी हुशारी क्षणात संपते. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना असे जाडजूड गट बसवायचे की त्याला हलायला जागाच राहू नये. हे जाडजूड गट तयार करण्यात मामांची नव्वद सालानंतरची बरीच वर्षं गेली. त्या काळात कॉलेजात त्यांना लोक हसत. कुणी म्हणे, पगार घ्यायचा आणि स्वस्थ बसायचं वय आहे. स्वस्थ बसायचं वय मामांना आईच्या पोटातही लाभलं नसावं.

कॉलेजातली त्यांची खोली उत्तरेला, तिथे ऊन नावालाही येत नसे. म्हणून प्रयोगशाळा घराच्या गच्चीवर आली. आता नाशिकच्या उन्हाळ्यात गच्ची ही बायकांची मालमत्ता. मामींच्या कुरडया, पापड, सांडगे गच्चीभर पसरलेले, आणि त्यांच्यामधून हातात काचेचा चंबू धरून मामा उन्हामागे फिरताहेत! सकाळी पूर्वेच्या कठड्याशी, दुपारी पाण्याच्या टाकीपाशी, संध्याकाळी पश्चिमेच्या कोपऱ्यात. चालताना चंबू सारखा हलवत राहायचे. एकदा तर त्यांचा पाय थेट ओल्या कुरडयांत पडला. मामी खालून ओरडल्या, "अहो, एका जागी ठेवा की ते पाणी, ते काय तुमच्याशिवाय वाळायचं थांबणार आहे?" मामा वरून म्हणाले, "वाळवत नाहीये, जोडतोय!" शेजाऱ्यांची आणखी एक तक्रार होती. तो तूट भरून देणारा तिसरा रेणू आहे ना, त्याला शिळ्या मासळीचा वास येतो. सगळी कॉलनी माळकरी, आणि मामींच्या गच्चीवरून भर चातुर्मासात बोंबलाचा वास. बिचाऱ्या मामींनी एकदा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना गच्चीवर नेऊन कोपरान् कोपरा दाखवला. त्यानंतर बायकांना संशय राहिला नाही, खात्री झाली. एवढ्याशा जागेत लपवलं कुठे, हे मात्र त्यांना कळेना.

त्या तांबड्या पाण्याचा वैरी एकच, हवेतला ऑक्सिजन. हवा लागली की तांबडेपणा जाऊन त्यावर हिरवट कळा येते आणि सगळं मुसळ केरात. म्हणून चंबूतली हवा नायट्रोजनने हाकलून लावायची आणि वर नायट्रोजन भरलेला फुगा बांधायचा. कॉलेजचा सिलिंडर कायम रिकामा असायचा. मामांनी तोड काढली. गाईंना कृत्रिम रेतन करणाऱ्या डॉक्टरांकडे द्रवरूप नायट्रोजनचे डबे असतात, वळूचं वीर्य गोठवून ठेवायला. मामांनी त्यातल्या एकाशी मैत्री केली आणि त्याच्या डब्यातून उडून जाणारा वायू नळीने फुग्यांत भरून आणायला लागले. लाल, पिवळे, हिरवे फुगे स्कूटरच्या हँडलला बांधून प्राध्यापक महाशय गुरांच्या दवाखान्यातून घरी यायचे. गल्लीतली मुलं मागे धावायची. ही मुलं वाढदिवस कुणाचा म्हणून विचारायची, आणि मामा न थांबता सांगायचे, "तांब्याचा!"

आणि एवढं करून प्रयोग व्हायचा! हे मी डोळ्यांनी पाहिलंय. संध्याकाळी चंबू खाली यायचा, त्यातलं पाणी गाळून, आटवून, निववून झालं की तळाशी फिकट पिवळे स्फटिक बसायचे, आणि मामा ती बशी घेऊन घरभर फिरायचे. एकदा मी त्यांचं अभिनंदन केलं, तर ते माझ्यावरच उखडले. "अभिनंदन कसलं? माझ्या हातून झालं तो स्वयंपाक, जावईबापू. दुसऱ्याच्या हातून झालं तर ते रसायनशास्त्र." त्यांची खरी तळमळ हीच होती, आणि घोडं पेंड खात होतं तेही इथेच. दुसऱ्या कुणाच्याही हातून तो प्रयोग होत नव्हता. एका सहकाऱ्याने केला, नाही झाला. एम.एस्सी.च्या मुलांनी केला, नाही झाला. पुण्याहून एक तज्ज्ञ मित्र मुद्दाम दोन दिवस येऊन राहिला, त्याच्या चंबूत संध्याकाळी हिरवट गढूळ पाणी. तेच तांबं, तेच ऊन, तोच फुगा. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण मामांच्या हाताला काहीतरी गुण आहे असं पाठीमागे हसून म्हणत. वैद्याच्या हाताला गुण असणं ठीक आहे, शास्त्रज्ञाच्या हाताला गुण आहे म्हणणं म्हणजे तो खोटं बोलतोय असं म्हणणं. मामांना ते समजत होतं. निवृत्ती जवळ येत गेली तशी त्यांची येरझार वाढली. रात्री जेवणानंतर ते गल्लीत इतक्या फेऱ्या मारत की कुत्र्यांनीही त्यांच्यावर भुंकणं सोडून दिलं.

मधल्या काळात मीही माझ्या परीने हातभार लावला. दिवाळीला निळ्या एलईडीच्या माळा बाजारात आल्या तेव्हा मामांनी नळीतून त्यांच्याकडे बघितलं आणि चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. आम्ही लोणच्याच्या बरणीला आतून माळ गुंडाळली, मधे चंबू ठेवला. फार देखणं दिसत होतं ते. पण तेव्हा भारनियमनाचे दिवस होते, आणि प्रयोगाला रंग चढला की वीज जायची. "दिवा वीज मंडळाचा," मामा म्हणाले, "सूर्य आपला," आणि परत गच्चीवर गेले.

अशात त्यांच्याकडे पीएच.डी.साठी सटाण्याच्या मॅडम आल्या. सटाण्याच्या कॉलेजात शिकवायच्या, घरी दोन मुलं आणि नवऱ्याचा कांद्याचा व्यापार, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या एसटीने नाशिकला हजर. बाई बोलायला मोजक्या, हाताला स्थिर, एका जागी तासन् तास बसू शकणाऱ्या. म्हणजे सर्वार्थाने मामांच्या उलट. त्यांच्या हातूनही प्रयोग झाला नाही. एकदा, दोनदा, कितीदा तरी. त्यांनी तांबडं संयुग सटाण्याला नेऊन पाहिलं, तर एसटीच्या धक्क्यांनी झाकण सैल होऊन कळवणपर्यंतच ते हिरवं पडलं. दुसऱ्यांदा नीट बांधून नेलं, तर मामा त्यांच्या मागच्या एसटीने सटाण्यात उतरले, "सहज आलो" म्हणत.

त्या मॅडम एके दिवशी माझ्या दुकानात आल्या. घ्यायचं काही नव्हतं. थोडा वेळ पंख्यांकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊ, सरांचं रसायन बठ्ठं बरोबर शे." एरवी त्या माझ्याशी शुद्ध पुस्तकी बोलत, घरची अहिराणी तोंडात आली म्हणजे मामला गंभीर होता. "मग चुकतं कुठे?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सर स्वतः करतात तेव्हा चंबू सरांच्या हातात असतो. चालतात, हलवतात, संध्याकाळपर्यंत झाकणाला हात लावत नाहीत. मी करते तेव्हा चंबू माझ्याकडे, आणि सरांचे हात रिकामे. मग त्यांना राहवत नाही. घडीघडी येतात, 'बघू, बघू' म्हणून झाकण काढतात, बारीक नळीने नमुना घेतात, पट्टीवर टिपका लावून किती झालंय ते बघतात. दरवेळी थोडी हवा आत जाते. सगळ्यांच्या वेळी असंच झालं असणार." मी म्हटलं, मग सांगा ना त्यांना. "सांगितलं. 'हो, हो, बरोबर आहे' म्हणाले. आणि झाकण उघडून बघितलं."

मी कपाळावर हात मारला. मामींना हे सांगितलं तेव्हा त्या अजिबात चकित झाल्या नाहीत. "तीस वर्षं मी भात कसा करते ते मला विचारा," एवढंच म्हणाल्या. उपाय एकच होता. मॅडमनी गच्चीवर प्रयोग लावायचा आणि मामांना दिवसभर नाशिकच्या बाहेर ठेवायचं. त्याच महिन्यात माझ्या मेहुणीचं लग्न होतं, मनमाडला. मुलीला मंडपात आणायचं ते तिच्या मामाने, त्यामुळे मामांना यावं लागणारच होतं. पण मामांचा भरवसा कुणी द्यावा! माझ्या लग्नात भटजी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हणून ओरडून दमले, आणि मामा मांडवामागे ढगांतून ऊन कधी निघतं ते बघत उभे होते. या वेळी मी मामांचीच विद्या मामांवर वापरायची ठरवली. मामींचे दोन चुलतभाऊ आहेत, एक भगूरचे आणि एक सिन्नरचे, दोघेही देहाने ऐसपैस. मनमाडला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर मी मामांना मधे बसवलं आणि दोन्ही बाजूंना हे दोन जाडजूड गट. मंगल कार्यालयातही खुर्च्यांची मांडणी तीच. मामांना अंग पसरायला जागाच ठेवली नाही.

लग्न दुपारचं होतं. वीज गेलेली, जनरेटर घरघरत होता, आणि मार्च महिन्याचं ऊन असं स्वच्छ पडलं होतं की मामांना बघवेना. ते मान वाकडी करून मांडवाच्या फटीतून आकाशाकडे बघत होते. "काय वाया चाललंय हो," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मॅडमना पत्रिका दिली होती ना?" मी हो म्हटलं. "मग आल्या का नाहीत?" मी पाहुण्यांना पाणी विचारायला निघालो. मामांनी भगूरच्या पाहुण्यांच्या मांडीवरून हात लांबवून माझं मनगट पकडलं. चेहरा असा झाला होता की माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"तिने आज लावलंय," मामा म्हणाले.

"हो."

"आणि मला तुम्ही इथे आणलंत."

"हो मामा."

"का?"

"तुम्ही झाकण उघडता म्हणून," मी म्हटलं.

मला वाटलं आता ते उठतील. मनमाडहून नाशिकला गाड्यांची काय कमी? तासाभरात एखादी मिळाली असती, दोन्ही जाडजूड गट तेव्हा पेढे खाण्यात गुंतले होते, आणि मामांना अडवायचं बळ माझ्यात नव्हतं. मामा उठलेही. दोन पावलं दाराकडे गेले, उन्हात उभे राहिले. हात पाठीमागे बांधले, सोडले, पुन्हा बांधले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सगळ्यांच्या वेळी मीच होतो की हो तिथे." त्यांच्या डोळ्यांसमोरून तो सहकारी, ती मुलं, तो पुण्याचा मित्र जात असणार. इतकी वर्षं ज्याला शोधत होते तो ऑक्सिजन त्यांना सापडला होता. मला त्यांची फार दया आली, आणि ती लपवायला मी उगाच जनरेटरकडे बघत राहिलो. तेवढ्यात आतून भटजींनी हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मामा वळले, आत गेले, आणि भाचीला खांद्याला धरून इतक्या हळू मंडपात घेऊन आले की भटजींना घाई करावी लागली. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते तिच्या मागून हलले नाहीत. आमच्या सासूबाई रडत होत्या. मुलगी सासरी चालली म्हणून की भाऊ एका जागी उभा राहिला म्हणून, हे मी विचारलं नाही.

परतताना ऊन कलायला लागलं होतं. घराशी गाडी थांबली तेव्हा सगळ्यांनी मामांना आधी उतरू दिलं. मामा उतरले आणि फाटकापाशीच थांबले. वर गच्चीच्या कठड्याशी सटाण्याच्या मॅडम उभ्या होत्या. पदर खोचलेला, चेहरा उन्हाने लाल. मामांनी खालूनच विचारलं, "उघडलं होतंस का गं?"

"एकदाही नाही, सर."

"मग?"

बाईंना जे मराठीत सांगायचं होतं ते आलंच नाही. "व्हयनं, सर," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा मोठ्याने, "व्हयनं!"

आम्ही सगळे जिने चढून गेलो. बशीत फिकट पिवळे स्फटिक होते, मामांच्या बशीत असायचे तसेच. मामांनी बशी उजेडात धरली, तिरपी केली, वास घेतला. चूक शोधत होते, ती सापडत नव्हती. मग बशी त्यांनी बाईंच्या हातात परत दिली. "झालं म्हणजे," ते म्हणाले. "माझ्याशिवाय झालं." त्यांना आनंद झाला होता यात शंका नाही, डोळे भरून आले होते. पण मी त्यांच्या अगदी जवळ उभा होतो. बशी गेल्यावर त्या हातांना आता काय करायचं ते कळत नव्हतं, हेही मी पाहिलं.

पुढे बाई डॉक्टर झाल्या, मामा निवृत्त झाले, आणि तांबडं पाणी सटाण्याला गेलं. तिथल्या कॉलेजच्या गच्चीवर बाईंचे विद्यार्थी आता प्रयोग लावतात आणि त्यांच्या हातूनही तो होतो. जगात उजेडाच्या रसायनशास्त्राची मोठी लाट आली, मोठमोठ्या प्रयोगशाळांतून तांब्याचंही नाव निघायला लागलं. मामा ती मासिकं चालत चालत वाचत, आणि आपलं नाव कुठे नाही याबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर ऐकलं नाही. त्यांनी बाईंना एकच गोष्ट सांगून ठेवली होती. प्रयोग लावशील त्या दिवशी सकाळी मला फोन कर, आणि मग संध्याकाळी ऊन उतरल्याशिवाय करू नकोस.

असा फोन आला की मामा थेट माझ्या दुकानात यायचे. स्कूटरची किल्ली काउंटरवर ठेवून म्हणायचे, "संध्याकाळपर्यंत देऊ नका. मागितली तरी." मी ती गल्ल्यात टाकून त्यांना गुंतलेल्या वायरींचं एक भेंडोळं सोडवायला द्यायचो. ते सोडवून झालं की मागे जाऊन पुन्हा गुंतवून आणायचो. परवा असेच बसले होते. वायर संपली होती, गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर द्वारकेचा गोंगाट चालला होता. मामांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. "जावईबापू," ते हळूच म्हणाले, "सटाण्याकडे आज ऊन कसं असेल हो?"

माझ्या दुकानातून समोरच्या दुकानाच्या पाटीपलीकडे काही दिसत नाही. सटाणा तर केवढं लांब. आणि खरं सांगायचं तर सकाळपासून आमच्याकडेच आभाळ भरून आलं होतं.

"कडक पडलंय, मामा," मी म्हटलं. "एक ढग नाही."